खाडीत कॅमेरा सोडण्याआधी

अगं, तुझ्या दिरांनी मिनेसोटाहून पाठवलेला तो पाण्याखालचा कॅमेरा दिवाळे गावाच्या जेट्टीवरून रात्री खाडीत सोडायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. बेलापुरात इतकी वर्षं राहून आपल्यातल्या कितीजणींनी खाडीकडे नीट बघितलंय? गाडीतून जाताना पूल लागतो, वास येतो, काच वर होते. तू निदान आत डोकावायचं ठरवलंस. पण त्या भल्यामोठ्या पांढऱ्या एलईडीवर पैसे घालू नकोस. आधी माझं ऐक.

हा कॅमेरा मुळात कुठल्या पाण्यासाठी बनलाय ते लक्षात घे. तिकडे थंडीत तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडतात, वर छोटा तंबू ठोकतात आणि त्या भोकातून गळ सोडून बसतात. बर्फाचं झाकण बसल्यावर पाण्याला वारा लागत नाही, लाटा उठत नाहीत, गाळ सावकाश तळाशी बसतो, शेवाळही मंदावतं. त्यामुळे हिवाळ्यात पाणी पुष्कळ नितळ होतं. त्यांची अडचण अंधाराची. वर बर्फाचा जाड थर साचला तर दिवसासुद्धा खाली अंधारच. म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीच दिव्यांचं कडं बसवलेलं असतं आणि तिथे ते चालून जातं.

आपली अडचण गाळाची आहे. पनवेल खाडीत दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि दर खेपेला तळाचा चिखल ढवळला जातो. अशा पाण्यात भिंगाला चिकटून दिवा लावलास तर उजेड माशापर्यंत पोहोचायच्या आधीच मधल्या गाळाच्या कणांवर आपटून थेट भिंगात परततो. खंडाळ्याच्या घाटात धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तेच पडद्यावर दिसेल. दिवा जितका प्रखर, तितकी भिंत दाट.

तेव्हा पहिलं काम म्हणजे दिवा भिंगापासून दूर ने. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा दोन-अडीच फुटांचा आडवा दांडा घे. मध्यभागी कॅमेरा बांध, एका टोकाला पाणबुड्यांची छोटी बॅटरी, आणि तिचा झोत तिरका धर, साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशात. हेतू एवढाच की भिंगासमोरचा पहिला हातभर पट्टा अंधारात राहावा आणि उजेड त्यापुढे पडावा. दुसऱ्या टोकाला वजन लाव, नाहीतर दांडा प्रवाहात गरगर फिरत बसेल. प्रखरता कमी-जास्त करता येणारीच बॅटरी घे, आणि सुरुवात सगळ्यात मंद उजेडाने कर.

आता इन्फ्रारेड. कॅमेऱ्यात ती सोय आहे आणि बहुतेक माशांना तो उजेड दिसत नाही, म्हणून ते बुजत नाहीत, हे खरंच. पण पाणी इन्फ्रारेड गिळून टाकतं. ८५० नॅनोमीटरचा उजेड अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा अर्ध्या मीटरवर जेमतेम दहावा हिस्सा उरतो, आणि माशावरून परतून भिंगाकडे यायला त्याला तेवढीच वाट पुन्हा कापायची असते. ९४० नॅनोमीटरचा तर वीतभर अंतरातच संपतो. घराबाहेरच्या सीसीटीव्हीला तो उत्तम, पाण्यात कुचकामी. दुकानदार ‘अजिबात दिसत नाही, जास्त भारी’ म्हणून ९४०च गळ्यात मारील, तो घेऊ नकोस. ८५०चा वापर जवळून बघण्यापुरता कर: जेट्टीच्या खांबाला बिलगलेली कालवं, फटीतून डोकावणारी चिंबोरी. चित्र काळं-पांढरं येईल, पण चिंबोरी आपल्या नादात राहील.

रंग हवे असतील तर पांढरा मंद दिवा. जरा लांबवर बघायचं असेल तर हिरवा. खोल निळ्या समुद्रात निळा उजेड लांब जातो, पण खाडीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे विरघळलेले अंश निळा रंग शोषून घेतात आणि हिरवा त्यामानाने टिकतो. मात्र पांढरा असो की हिरवा, दिवा एका जागी बराच वेळ जळत ठेवलास की त्याभोवती बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे कोळंबीची पिल्लं, त्यांच्यामागे बोयटं. हे बघायला सुंदर असतं, पण तुला खाडीचं रोजचं जगणं बघायचं असेल तर ते हे नव्हे, ही तू भरवलेली जत्रा. म्हणून मिनिटभर लाव, विझव, थांब, पुन्हा लाव. नशिबात असेल तर जिताडा दिसेल. दिव्यात त्याचे डोळे लालसर चमकतात, तेवढ्यावरून ओळखशील.

दिव्यापेक्षाही जास्त फरक पाडते ती तिथी. हे मी तुला दहादा सांगेन. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात धावतं आणि तळ उपसून काढतं, तेव्हा कुठलाच दिवा उपयोगाचा नाही. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, गाळही कमी उठतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब तुला ठाऊक आहेच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, खाडीत आत किंचित उशिरा. म्हणजे मार्गशीर्ष-पौषात दिवस मावळून अंधार पडतो, नेमकं तेव्हाच भरती पुरी होऊन पाणी काही वेळ थबकतं. तुझा कॅमेरा सोडायची वेळ तीच. पावसाळ्यात तर नादच सोड.

एवढं करूनही धूसरच दिसलं तर गढूळ पाण्यात पुलाचे खांब तपासणारे पाणबुडे करतात ती युक्ती कर. पारदर्शक ॲक्रिलिकची चौकोनी पेटी बनवून घे, तीत गाळलेलं स्वच्छ पाणी काठोकाठ भर आणि ती भिंगासमोर बसव. जी वस्तू बघायची तिला पेटीचा पुढचा भाग टेकवायचा. मधे स्वच्छ पाणीच असल्यामुळे गाळ आड येत नाही. आत बुडबुडा राहू देऊ नकोस. मासे यातून दिसणार नाहीत, पण खांबावरची शिंपली आणि शेवाळ असं स्पष्ट दिसेल की तू तासभर हलणार नाहीस.

आणि जायच्या आधी कोळीवाड्यात सांग. रात्री पाण्यात दिवा दिसला की तिथली माणसं अस्वस्थ होतात, आणि त्यांचं बरोबर आहे. बाहेर समुद्रात मोठ्या बोटी प्रखर एलईडी लावून मासळी एका जागी गोळा करतात आणि लहान-मोठं सगळं एकाच घेरात उचलतात. केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०२१मध्ये आपला १९८१चा कायदा दुरुस्त करून दंड वाढवला, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. लहान होडीवाल्याच्या तोंडचा घास त्या दिव्यांनी पळवलाय. तुझी बॅटरी बघण्यापुरती आहे हे त्यांना आधी कळलं तर तेच तुला जागा दाखवतील. कुणाचं जाळं लागलेलं असेल तिथून लांब राहा. आणि आपल्या दिव्याखाली गळ टाकू या असं बरोबरच्या कुणी सुचवलं, तर तिथल्या तिथे नाही म्हण.

बाकी थोडक्यात. घरातून वायर ओढून जेट्टीवर दिवा लावायचा नाही, खारं पाणी आणि घरची वीज यांची गाठ जिवावर बेतते. फक्त बॅटरीवरचे दिवे. खारफुटीच्या चिखलात पाय घालू नकोस, मांडीपर्यंत रुतलीस की एकटीला निघता येत नाही. लाइफ जॅकेट अंगात असू दे. हा कॅमेरा गोड्या पाण्याच्या तळ्यांसाठी बनलाय, म्हणून घरी आल्यावर तो आणि केबल बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून ठेव, आणि बॅटरीच्या झाकणातल्या रबरी रिंगला केस किंवा वाळूचा कण चिकटलेला नाही ना ते दर वेळी बघ.

मोठा दिवा रद्द कर, त्या पैशात दोन छोट्या बॅटऱ्या आणि पाइप येईल. कालनिर्णयात पुढची नवमी बघून मला कळव. एकटी जाऊ नकोस, मी येते.