ओलीस बालकाचे शिक्षण

सोळाव्या शतकातील जपान परस्परांशी लढणाऱ्या सरदारांत विभागलेला होता. त्या युद्धयुगात १५४३ साली ओकाझाकीच्या किल्ल्यात ताकेचियो जन्मला. बालपणीच माता दुरावली. १५४७ साली दुर्बळ पित्याने बलाढ्य इमागावा घराण्याचे साहाय्य मिळविण्यासाठी त्याला ओलीस म्हणून धाडले. परंपरागत चरित्रांनुसार वाटेतच तो शत्रूच्या, ओदा घराण्याच्या, हाती पडला. दोन वर्षांनी पिता निवर्तला आणि या अनाथ बालकाची रवानगी इमागावांच्या सुनपू नगरात झाली. तेथे ताइगेन सेस्साई या झेन भिक्षूंनी त्याला विद्या दिली, असे मानतात.

१५६० साली ओकेहाझामाच्या लढाईत त्याचा स्वामी इमागावा योशिमोतो मारला गेला. पराभूत तरुण सामुराई जन्मगावच्या दाईजुजी विहारात आला. पूर्वजांच्या समाधीपुढे प्राण देण्याचा त्याचा निश्चय तेथील प्रमुख भिक्षूंनी मोडला, असे विहाराची परंपरा सांगते. युद्धाने मलिन झालेली भूमी शुद्ध करण्यासाठी जगावे, हा त्यांचा उपदेश.

हाच पुढे तोकुगावा इएयासू झाला. १६०३ साली तो शोगुन बनला. त्याच्या घराण्याच्या काळात देशाने सुमारे अडीच शतके शांतता अनुभवली. त्याच राजवटीत जन्माधिष्ठित उच्चनीचता दृढ झाली, हेही आपण ध्यानी ठेवू. समतेवाचून शांतता अपुरीच. तथापि १६०१ साली त्याने फुशिमी येथे एन्कोजी हे विद्यापीठ स्थापिले. घरापासून दूर वाढणाऱ्या मुलाला विद्येचा आधार किती मोलाचा असतो, हे आपल्या वसतिगृहात वाढलेल्यांना वेगळे सांगावयास नको.