आधी परतफेड, मग अर्पण : जुन्या करारातील पशुबळींचा अर्थ



मिस्सेत जुन्या करारातील वाचन सुरू होते. त्यात बैल, मेंढा, रक्त, वेदी असे शब्द कानी पडले की आपल्यापैकी अनेकजण गोंधळून जातात. प्रेमळ परमेश्वराला मुक्या जनावरांचा जीव कशाला हवा होता, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण लेवीय हे पुस्तक थोडे उघडून पाहू या.

देवाला भूक लागत होती का?

इस्राएलच्या आसपासच्या राष्ट्रांत, विशेषतः बाबेलच्या मंदिरांत, देवांच्या मूर्तींपुढे रोज जेवण वाढले जाई. देवांना अन्न लागते अशी तेथील समजूत होती. इस्राएली लोकही वेदीवर मांस आणि पीठ अर्पण करीत; पण त्यांच्या श्रद्धेनुसार परमेश्वराला त्याची गरज नव्हती. रानातील प्रत्येक प्राणी माझाच आहे, मला भूक लागली तरी मी तुम्हाला का सांगावे, असे परमेश्वर स्तोत्र ५० मध्ये त्यांना विचारतो. म्हणजे गरज देवाची नव्हती, माणसाची होती.

रक्त म्हणजे जीवन

लेवीय १७:११ मध्ये या सर्व विधींची किल्ली सापडते. प्राण्याचा जीव त्याच्या रक्तात असतो आणि जीव देवाचा आहे. म्हणून इस्राएली माणसाला रक्त खाण्याची सक्त मनाई होती. ते वेदीवर देवाला परत द्यायचे असे.

होमार्पणाचा विधी पाहा (लेवीय १). अर्पण करणाऱ्याने आपल्या कळपातील निर्दोष नर पशू निवडायचा. आजारी, लंगडे जनावर चालत नसे. त्याने स्वतः त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि स्वतःच त्याचा वध करायचा. याजक रक्त वेदीवर शिंपडत असे. ज्या घरात एकेक मेंढरू मोलाचे, तेथे कळपातले उत्तम जनावर स्वतःच्या हाताने देणे ही साधी गोष्ट नव्हती. ‘हे माझे आहे, आणि याच्याबरोबर मी स्वतःला देत आहे’ असा तो हात बोलत होता.

पाच प्रकारची अर्पणे

लेवीयच्या पहिल्या सात अध्यायांत पाच अर्पणे सांगितली आहेत. होमार्पणात कातडे सोडून सर्व पशू जाळला जाई. अन्नार्पण पिठाचे व तेलाचे असे. शांत्यर्पणात चरबी वेदीवर, काही भाग याजकाला आणि उरलेले मांस अर्पण करणाऱ्याच्या घरच्यांना मिळे. उपकारस्तुतीसाठी केलेल्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवावे लागे. देवापुढे बसून केलेले ते आनंदाचे जेवणच होते. पापार्पण नकळत घडलेल्या पापांसाठी असे. पाचवे दोषार्पण. त्याकडे आपण पुढे वळू.

गरिबाने काय करावे?

ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने पापार्पणासाठी दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिल्ले आणावीत, आणि तेवढेही जमत नसेल तर सुमारे दोन लिटर मापाचे सपीठ आणावे, असे लेवीय ५ मध्ये सांगितले आहे. या पिठात रक्ताचा थेंबही नाही. तरीही त्या गरिबाच्या पापांची क्षमा होई! रक्तात काही जादू नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणासाठीही गरिबांना अशीच सवलत होती. पवित्र मरिया आणि संत योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात गेले, तेव्हा त्यांनी गरिबांचेच अर्पण केले (लूक २:२४).

आधी हिशेब चुकता करा

आता दोषार्पण. समजा, एखाद्याने शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडणूक केली किंवा सापडलेली वस्तू लपवून खोटी शपथ घेतली. मग त्याचे मन त्याला खाऊ लागले. त्याने काय करावे? सरळ मेंढा घेऊन मंदिरात जावे का? नाही. लेवीय ६ सांगते की त्याने घेतलेले सर्व मूळ मालकाला परत करावे, वर एक पंचमांश भर घालावी आणि मग देवासाठी मेंढा आणावा. शंभराची फसवणूक असेल तर एकशेवीस शेजाऱ्याच्या हातात, आणि मेंढा वेदीवर.

याचा अर्थ फार गंभीर आहे. शेजाऱ्याचे देणे देवाला देऊन फिटत नाही. वेदीकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या दारावरून जाते.

लोक हे विसरले, तेव्हा संदेष्टे कडाडले. गरिबांना तुडवून वेदीवर पुष्ट वासरे आणणाऱ्यांना आमोस आणि यशया यांनी खडसावले. मला यज्ञ नको, दया हवी, हा देवाचा संदेश होशेयने दिला (६:६). मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने याच वचनाचा दोनदा आधार घेतला आहे.

डोंगरावरील प्रवचनातही हीच शिकवण आहे. अर्पण करताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी समेट करण्यास येशू सांगतो (मत्तय ५:२३-२४). ऐकणारे लोक गालीलातील होते. यरुशलेमचे मंदिर तेथून पायी सुमारे तीन दिवसांच्या अंतरावर! तेवढे चालून गेलेल्या माणसाने मागे फिरायचे, समेट करायचा आणि पुन्हा यायचे. येशूने समेटाची किंमत मुळीच कमी केली नाही.

आपली वेदी

इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील बळी थांबले. आपल्या श्रद्धेनुसार त्या सर्व अर्पणांची पूर्तता क्रुसावर झाली. तेथे प्रभूने दुसऱ्याचा जीव न देता स्वतःचा दिला, आणि तोही एकदाच, सर्वांसाठी (इब्री ७:२७). प्रत्येक मिस्साबलिदानात आपण त्याच अर्पणात सहभागी होतो.

म्हणून आपण जनावर आणत नाही. पण हात ठेवण्याचे काम अजून आपलेच आहे. अर्पणविधीच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे जातो, तेव्हा त्याबरोबर मी काय देतो? भावाची बळकावलेली जागा, कामगाराची थकवलेली मजुरी, उसने घेऊन विसरलेले पैसे हे सारे घरी ठेवून मी वेदीपुढे उभा आहे का? पापनिवेदनात क्षमा मिळते हे खरे. परंतु चोरलेले परत करण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही, हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जक्कयला कोणी सांगावे लागले नाही. येशू घरी येताच त्याने चौपट परत करण्याचे वचन दिले (लूक १९:८).

या आठवड्यासाठी

लेवीय ६:१-७ आणि मत्तय ५:२३-२४ कुटुंबात एकत्र वाचावे. कोणाचे काही देणे राहिले आहे का, हे शांतपणे आठवावे. पैसे असतील तर पैसे, शब्द असेल तर शब्द. येत्या रविवारच्या मिस्सेआधी त्या एका दारावर जाऊन यावे.