रात्रीची दुर्बीण पाहण्यासाठी, चालण्यासाठी नव्हे

नरोलीच्या आसपास भात तयार झाले की राखणीच्या रात्री सुरू होतात. रानडुकरे शिरली तर उभे पीक लोळवतात. अशा राखणीला डिजिटल नाइट-व्हिजन मोनोक्युलर, म्हणजे अंधारात दाखवणारी एका डोळ्याची दुर्बीण, उपयोगी पडते. ती घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवतो.

हिच्यात अवरक्त दिवा असतो. त्याचा प्रकाश जनावरावरून परततो आणि आतल्या पडद्यावर चित्र उमटते. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांब पोचतो, पण त्याचा तांबूस ठिपका दिसतो. ९४० चा ठिपका दिसत नाही, मात्र पल्ला कमी. भिंगाने मोठे केलेले चित्र स्पष्ट राहते, डिजिटल झूमचे फुटते. धुक्यात सारे पांढुरके दिसते आणि दाट पिकाआडचे जनावर दिसतच नाही.

दुर्बीण डोळ्याला लावून बांधावरून कधीही चालू नये. पडद्याच्या उजेडाने डोळा दिपतो. तो पुन्हा अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. तेवढ्यात पायाशी घोणस किंवा मण्यार असली तर कळत नाही. माळ्यावर बसून पाहावे. चालताना टॉर्च, काठी व गमबूट वापरावेत. साप चावलाच तर जखम चिरू नये, आवळून बांधू नये. माणसाला न चालवता तडक इस्पितळात न्यावे.

डुक्कर दिसल्यास माळ्यावरूनच डबे वाजवावेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे.