मिरवेलीची मर : औषध पावसाआधीच द्या

श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडचे बागायतदार सध्या एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. पोफळीवरची मिरी जुलैत हिरवीगार होती, गणपतीला घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवायला नेलं तर नुसते काळे दोर लटकत होते. औषध काय? औषध आहे, पण ते मेअखेर द्यायचं असतं. म्हणून खताच्या मात्रा, वेल बांधण्याची रीत वगैरे आज सांगत बसत नाही. ते तुम्हाला पाठ आहे.

ही शीघ्र मर. फायटोप्थोरा हा बुरशीसारखा जीव मातीत दबा धरून असतो. पाणी साचलं की त्याचे बीजाणू पोहत मुळांपर्यंत जातात आणि थेंबांनी उडालेल्या चिखलाबरोबर जमिनीलगतच्या पानांवर चढतात. पानावर काळा डाग पडतो, त्याची कड तंतुमय दिसते. मग बुंध्याची साल काळी पडते, नखानं खरवडली तर ओली निघते आणि घाण वास येतो. तिथून दोन-तीन आठवड्यांत वेल संपते. वरची पानं पिवळी पडलेली दिसतात, तोवर खाली सगळं उरकलेलं असतं.

मृगाचा मुहूर्त धरून बसू नका. २०२५ साली २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. ज्यांचे पंप तेव्हा माळ्यावर होते, त्यांना फवारणीसाठी उघडीपच मिळाली नाही.

पहिलं काम पाण्याचं. उन्हाळी शिंपणाचे पाट पावसाळ्यात तसेच ठेवण्याची खोड वाडीवाडीत आहे. नागावच्या बाजूला एका वाडीत पाटाच्या उतारानं वेली एकीमागून एक बसत गेल्या होत्या. पाटापलीकडच्या उंचवट्यावरची रांग मात्र घोसांनी भरलेली. मालक म्हणाले, कुणाची तरी नजर लागली. नजर पाटातून कशी वाहील? पाट बुजवा, चर खणा, पाणी वाडीबाहेर काढा. शेजाऱ्याचं पाणी आत येत असेल तर भांडण आताच मिटवा.

जमिनीवर सरपटणारे फुटवे कापा किंवा वर बांधा. रोग पहिली पायरी तिथेच चढतो. मेलेली वेल मुळासकट उपटून जाळा, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. उपटलेल्या वेलीच्या जागी यंदा नवी वेल लावायची नाही.

आता औषध. १ टक्का बोर्डो मिश्रण : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे ५० लिटर पाण्यात विरघळवून मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता. पिंप प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको. मिश्रणात विळ्याचं स्वच्छ पातं बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी हवा. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. पानांच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत. शिवाय बुंध्याभोवती कॉपर ऑक्सिक्लोराईड, १० लिटर पाण्यात २० ग्रॅम, वेलीच्या आकाराप्रमाणे ५ ते १० लिटर ओता. कोळेरोगासाठी पोफळीवर बोर्डो मारताच ना? त्याच दिवशी खाली उतरून वेलीही भिजवा.

ट्रायकोडर्मा चांगलं आहे, पण सकाळी ट्रायकोडर्मा आणि संध्याकाळी ताम्रयुक्त औषध हा शहाणपणा पुरे झाला. तांबं त्या उपयोगी बुरशीलाही मारतं. दोघांत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा.

बुंध्याशी मीठ, राख, मासळीचं पाणी यांनी मर थांबलेली मी पाहिली नाही. पिवळ्या पानांना युरिया हा तर निव्वळ अपव्यय. आणि भर पावसात आळी खणू नका. तुटलेलं प्रत्येक मूळ म्हणजे रोगाला उघडलेलं दार.

‘निसर्ग’ वादळानंतर, २०२० मध्ये आडव्या झालेल्या वाड्या पुन्हा उभ्या करताना काहींनी मिळतील तिथून रोपं आणली. पिशवीतल्या मातीबरोबर मरही येते. कुजकी, काळपट मुळं दिसली तर रोप परत करा. आता तर कुणी ‘किवीची वेल’ही विकतो आणि लोक घेतात! किवीला हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी शेकडो तास लागते, नर-मादी वेली वेगळ्या असतात. हिमाचलात, अरुणाचलात ती फळते. आपल्या दमट किनाऱ्यावर ती थंडी कुठून आणणार? त्या पैशात मोरचूद आणि चुना आला असता.

दुसरी फवारणी आणि आळवणी ऑगस्टच्या उघडिपीत करा. पण पहिली चुकवलीत तर दुसरीच्या भरवशावर राहू नका. तोवर फवारायला वेली उरल्या पाहिजेत.