टपालात गहाळ झालेली वस्तू : जोखीम कोणाची?

खाजगी व्यक्तींमधील खरेदी-विक्रीत टपाल हा महत्त्वाचा दुवा असतो. तो दुवा निखळला की वाद उद्भवतो. इंदूरच्या एका गृहस्थाने आपला जुना कॅमेरा वडोदऱ्याच्या ग्राहकास विकला, रक्कम आगाऊ घेतली व पार्सल टपालात दिले; परंतु ते पोहोचलेच नाही, असे समजू. विक्रेता म्हणतो, वस्तू रवाना केली, माझे कर्तव्य संपले. ग्राहक म्हणतो, वस्तू मिळाली नाही, रक्कम परत करावी. दोघेही प्रामाणिक असू शकतात. नुकसान मात्र कोणाला तरी सोसावेच लागते.

कायद्याची भूमिका

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३९ अन्वये, माल पाठविण्याचा अधिकार अथवा जबाबदारी विक्रेत्याकडे असेल, तर तो वाहकाच्या स्वाधीन करणे म्हणजे प्रथमदर्शनी ग्राहकाच्याच स्वाधीन करणे होय. मात्र वस्तूचे स्वरूप व परिस्थिती पाहून वाहतुकीची वाजवी व्यवस्था करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. त्यात त्याने कसूर केल्यास ग्राहक तो ताबा नाकारू शकतो किंवा नुकसानभरपाई मागू शकतो. किमती कॅमेरा नोंदणी वा विमा न करता धाडणे ही अशी कसूर ठरू शकते. खर्च वाचविण्यासाठी ग्राहकानेच साध्या टपालाचा आग्रह धरला असेल, तर दोष विक्रेत्याकडे जात नाही. तसेच 'वस्तू हाती पडेपर्यंत जबाबदारी माझी' असे विक्रेत्याने कबूल केले असेल, तर तो करारच प्रमाण मानला जातो.

टपालाचा मार्ग कोणी सुचविला, या प्रश्नाचे महत्त्व एका गाजलेल्या निकालावरून ध्यानी येते. औंध संस्थानातील ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्स या कंपनीने भारत सरकारला कंदील पुरविले होते व त्यांची रक्कम धनादेशाने पाठविण्याची विनंती केली होती. हे धनादेश दिल्लीहून टपालाने रवाना झाले. प्राप्तिकराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये निर्णय दिला की, घेणेकऱ्याच्या विनंतीवरून धनादेश टपालात पडला, की टपालखाते त्याचेच प्रतिनिधी ठरते. प्रश्न रकमेचा होता, मालाचा नव्हे. तथापि विचाराची दिशा तीच आहे.

टपालखात्याचे दायित्व

१८९८ च्या कायद्याने टपालखात्याचे दायित्व मर्यादित केले होते. १८ जून २०२४ पासून अमलात आलेल्या डाकघर अधिनियम, २०२३ मध्येही नियमांनी विहित केलेल्या मर्यादेपलीकडे दायित्व नाही. यास्तव वस्तूची पूर्ण किंमत खात्याकडून आपोआप मिळेल, ही समजूत चुकीची आहे. मौल्यवान वस्तूचा विमा उतरविणे अगत्याचे ठरते ते यामुळेच.

सलोख्याचा मार्ग

प्रथम विक्रेत्याने पावतीच्या आधारे तक्रार नोंदवावी व तक्रारीचा क्रमांक ग्राहकास कळवावा. पावती त्याच्याजवळ असल्याने हे काम त्यानेच करणे उचित होय. ग्राहकाने आपल्या डाकघरात व शेजारीपाजारी चौकशी करावी. चौकशी पुरी होण्यापूर्वी परस्परांवर चोरीचा आळ घेऊ नये. पावतीच दाखविता येत नसेल, तर वस्तू रवाना झाली हे सिद्ध करणे विक्रेत्यास कठीण जाते.

चौकशीत वस्तू न सापडल्यास पूर्वीचा पत्रव्यवहार व संदेश समोर ठेवून बोलणी करावीत. दोष कोणाचाच नसेल, तर नुकसान वाटून घेणे श्रेयस्कर. तसा लेखी करार करून दोघांनी सह्या कराव्यात. बोलणी फिसकटल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये दावा दाखल करण्यापूर्वीही लोकअदालतीकडे जाता येते. तेथे उभयतांच्या संमतीने झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो व त्यावर अपील नसते. अखेरचा उपाय दिवाणी दाव्याचा. त्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची आहे. आपली वापरलेली वस्तू एकदाच विकणारी व्यक्ती सामान्यतः व्यापारी ठरत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा दरवाजा सहसा उघडत नाही.

वस्तू कोणत्या टपालाने जाईल, विमा कोण उतरवील व गहाळ झाल्यास जोखीम कोणाची, हे पार्सल बांधण्यापूर्वीच दोन ओळींत लिहून घेतले, तर यांपैकी बहुतेक वाद निर्माणच होणार नाहीत.