फ्रिजवरचा तक्ता

३० मे

चि. मनवा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी हसले, त्याचा राग आला असेल तुला. पण तूच बघ ना. फ्रिजवर सात रकान्यांचा तक्ता लावलास, कुठल्या वारी काय शिजवायचं ते रंगीत पेनांनी लिहिलंस, आणि गुरुवारी मेथी काढायला गेलीस तर पिशवीत काळं पाणी! आपला नंबर गुरुवारी आहे हे त्या मेथीला कोण सांगणार? महिन्याची वीस तारीख गाठेपर्यंत हात आखडतो, असं तू म्हणालीस तेव्हा मात्र हसू आवरलं. नीट बोलायला हवं होतं, पण इकडे गॅसवर तूप कढत होतं आणि तुझ्या काकांना चष्मा सापडत नव्हता. म्हणून आता निवांत लिहिते.

तक्ता फाडू नकोस, फक्त उलटा वाच. आज काय करायचं हे वाराला विचारू नकोस, टोपलीला विचार. शनिवारी संध्याकाळी भाजी आणतेस ना? मग शनिवार-रविवार पालेभाजीचे. मेथी, माठ, कोथिंबीर आणल्या आणल्या निवडायच्या, धुवायच्या नाहीत, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. सोमवार-मंगळवारी भेंडी, गवार, वांगी. मग दुधी, दोडका, कोबी. बुधवारी रात्री मटकी भिजत घाल, गुरुवारी सकाळी फडक्यात बांध, शुक्रवारी मोड आलेले असतात. आठवड्याच्या शेवटी टोपलीत बटाटे-कांदे उरतात आणि डब्यात बेसन असतं, त्या दिवशी पिठलं. यात माझी काही अक्कल नाही, भाज्या ज्या क्रमानं माना टाकतात त्याच क्रमानं आपण जेवायचं. माझ्या सासूबाई सकाळी चहाच्या आधी टोपलीवरचं फडकं उचलून नुसतं बघायच्या. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांची सवय असते एकेक. त्यांचा स्वयंपाक तिथेच ठरत असे हे कळायला मला चार वर्षं लागली.

आता माझी फजिती ऐक, तुझ्या बाबांनासुद्धा मी ही सांगितलेली नाही. लग्नाला वर्ष झालं होतं. बाजारात तूरडाळ स्वस्त मिळाली म्हणून दहा किलो घेतली, तीही ऐन आषाढात. केवढी मी हुशार, असं वाटत होतं. डाळ हाताला जरा सर्द लागत होती, पण पैसे वाचवल्याच्या आनंदात तसलं काही लक्षात येत नाही. पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. श्रावणात डबा उघडला तर आत भुंगेरे फिरताहेत आणि डाळीचं पीठ झालेलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पडवीत सूप घेऊन बसल्या आणि दोन दुपारी पाखडत राहिल्या. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "डाळ चैतात घ्यावी, ऊन खायला लावावी, एरंडेलाचा हात फिरवावा, मग डबा." तुझ्या चौथ्या मजल्यावर वर्षाची डाळ भरायची गरजच नाही. दोन माणसांना महिन्याची आण. 'एकावर एक मोफत' दिसलं की आधी विचारायचं, हे दुसरं आपण कधी खाणार आहोत? उत्तर आलं नाही तर ते मोफत नाही.

भात रोज उरतो म्हणालीस. उरणारच, तू मुठीनं घालतेस! कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' तुझ्या आईनं तुला दिली आहे, ती नुसती मांडून ठेवू नकोस. १९७० साली ते पुस्तक आलं, आणि आमच्या पिढीतल्या किती मुलींना वाटी-चमच्यानं मोजून शिजवायला त्यानं शिकवलं. एक वाटी ठरव, तांदळाच्या डब्यातच ठेव, ती दुसऱ्या कशाला वापरायची नाही. तुम्हा दोघांना एका वेळेला पाऊण वाटी तांदूळ पुरतात. आठवडाभर मोजलंस की फोडणीचा भात मुद्दाम करावा लागेल. आणि तो मुद्दाम करायच्या लायकीचा आहेच.

सालं-देठं टाकायची घाई नको. दोडक्याच्या शिरा (आमच्याकडे भाजीलाच शिराळं म्हणतात) तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परत, त्यात तीळ, सुकं खोबरं, मिरची, मीठ. दुधीच्या सालीची चटणीही तशीच. कोथिंबिरीचे देठ आमटीत. पण कोबीचा बुंधा, वांग्याचं देठ असलं काही काटकसरीच्या नावाखाली निखिलला खायला घालू नकोस. जे चवीला लागतं तेच ठेवायचं, बाकीच्यासाठी बादली आहे. तिच्याकडे येते.

त्याआधी तूप. एक लिटर म्हशीचं दूध घेतेस आणि साय चहात जाते, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. पातेलं गार झालं की फ्रिजमध्ये ठेव, सकाळी साय जाड निघते. पहिल्या दिवशी सायीत चमचाभर दही घाल, वर रोजची साय साठवत जा. शनिवारी रात्री भांडं बाहेर काढून ठेव, रविवारी सकाळी गार पाणी घालून मिक्सरमध्ये फिरव. लोणी वर आलं की दोनदा धू. खाली राहतं ते ताक, त्याची कढी. लोणी मंद आचेवर ठेव आणि तिथेच उभी राहा. फोन बघायचा नाही. आधी तडतड मोठी असते, पाणी उडत असतं. मग आवाज हळूहळू बसतो, वर बारीक फेस येतो, तळाशी बेरी बदामी होते आणि वास पालटतो. तो वास आला की लगेच बंद, नाहीतर मिनिटात करपतं. वाटीभर तर सहज निघतं. बेरीत साखर घालून पोळीशी खा, आणि त्याच भांड्यात कणीक मळ, भांडं पुसल्यासारखं निघतं. तू लहानपणी बेरीसाठी दादाशी भांडायचीस, ते आठवतं का?

गॅलरीत ऊनच येत नाही, मग काय लावणार, असं तुझं म्हणणं. तुझी गॅलरी दक्षिणेला आहे ना? मग या दिवसांत ऊन येणारच नाही बाई. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे कललेला असतो. घराची सावली गॅलरीवर पडते. दसऱ्यानंतर तोच सूर्य दक्षिणेला उतरला की ऊन गॅलरी ओलांडून खोलीत येईल, बघ तू. तेव्हा एक खडू घे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला नऊ, बारा आणि तीन वाजता फरशीवर उन्हाची रेघ ओढ. घरमालक ओरडला तर माझं नाव सांग. पाच-सहा तास ऊन जिथे टिकेल तिथे मिरची-टोमॅटो, पण ते दसऱ्यानंतर. आत्ता सावलीत तग धरणारं लाव. अळूचा एक कांदा, पुदिन्याच्या बाजारातल्याच काड्या पाण्यात मुळं फुटेपर्यंत ठेवून, ओव्याच्या पानाची फांदी, गवती चहा. कोथिंबीर लावशील तेव्हा धने लाटण्यानं हलके रगडून दोन फाका कर, अख्खे पेरू नकोस. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, ज्यांनी शेतकऱ्यांचा प्रयोग परिवार उभा केला, तेही हेच सांगत की पान किती ऊन धरतं त्यावर पीक ठरतं. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' इथे तुझ्या आजोबांच्या कपाटात आहे. आलीस की घेऊन जा, वाळवीनं दोन कोपरे खाल्लेत तेवढे सोडून.

बादली अशी. जुनी प्लास्टिकची घे, तळाला आणि बाजूंना भोकं पाड, खाली ताटली. तळाशी चार बोटं पातेरा, म्हणजे वाळका पाला. तुमच्या सोसायटीत झाडलेला पाला कोपऱ्यात पोत्यांत भरलेला असतो, वॉचमनला सांगितलंस तर तो आनंदानं देईल. त्यावर मूठभर जुनी माती आणि पळीभर आंबट ताक. मग रोजची सालं बारीक करून टाकायची आणि दर वेळी वर दुप्पट पातेरा. आठवड्यातून दोनदा खाली-वर कर. वास आला तर ओल जास्त झाली आहे, पाला घाल. चिलटं झाली तर सालं उघडी राहिली आहेत. तेलकट, शिजवलेलं आत नको. अडीच-तीन महिन्यांत खाली काळी, मातीचा वास येणारी माती मिळेल. पहिल्या पंधरा दिवसांत निखिल नाक मुरडेल, तेव्हा पातेरा दे त्याच्या हातात.

इकडे आमची पावसाआधीची आगोट चालू आहे. रोहिणी लागून पाच दिवस झाले, मृग आठवड्यावर आला, आणि माझी आमसुलं अजून पाचव्या पुटावर आहेत. रातांब्याची सालं त्याच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, अशी सात वेळा. काल दुपारी अचानक भरून आलं. मी आणि शेजारची दोघी चटया उचलून पडवीत धावलो, अर्धा तास थांबलो, पाऊस आलाच नाही, मग सगळं परत अंगणात. हात अजून लाल आहेत. आठळ्या धुऊन, सुकवून लाल मातीत घोळवून ठेवल्यात, श्रावणात माठाच्या भाजीत घालायला. परड्यात काकडी, पडवळ, शिराळ्याची आळी करून राख-शेणखत भरून ठेवलंय. बी मात्र पहिला चांगला पाऊस पडल्याशिवाय टाकणार नाही. मागे एकदा वळवाच्या सरीला भुलून पेरलं होतं, सगळं करपलं.

आणि हो, काटकसर कुठे करायची नाही तेही लिहिते. तळणाचं काळं झालेलं तेल परत वापरायचं नाही. कामाला येणाऱ्या मावशींच्या पगारात आणि त्यांच्या सुट्टीत घासाघीस करायची नाही. डॉक्टरकडे जायचं लांबवायचं नाही. दूधवाल्याचे खाडे मात्र 'कालनिर्णय'वर न चुकता लिही, आणि सिलिंडर लावलास की त्याच चौकोनात तारीख. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करत जा, सिलिंडर किती दिवस जास्त चालतो ते तुझं तुलाच कॅलेंडरवर दिसेल.

शेजारचा मुलगा सोमवारच्या रातराणीनं पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर पिशवी देते. मागच्या वर्षीची आमसुलं, दोन किलो आठळ्या, कोकमाचं आगळ, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तोंडलीच्या दोन कांड्या. पिशवी आली की बाकी सगळं राहू दे, आधी कांड्या मातीत खोच. डोळा वरच्या बाजूला हवा, मी वरच्या टोकाला दोरा बांधलाय. आगळाची बाटली फ्रिजमध्ये ठेव.

आगळ संपलं की बाटली परत पाठव. मागच्या दोन बरण्यांची झाकणं अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझी,
आत्या