शिवजयंतीची तारीख कशी ठरली

कतारगामातील आम्हां मराठी घरांत हा प्रश्न दरवर्षी निघतो. महाराष्ट्रातील आप्तांचे निरोप १९ फेब्रुवारीस येतात, घरची वडील मंडळी पंचांगात तिथी पाहतात. आणि मुले विचारतात, खरा दिवस कोणता?

लोकमान्य टिळकांनी शिवोत्सवास चालना दिली त्या काळी शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे ६ एप्रिल १६२७, ही जन्मतिथी रूढ होती. तिचा आधार उत्तरकालीन बखरींचा. पुढे भोर भागातील कारी गावच्या जेधे घराण्यात एक शकावली मिळाली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा स्पष्ट उल्लेख होता. ती १९१६ साली प्रसिद्ध केली खुद्द लोकमान्यांनीच! ज्यांनी उत्सव वाढविला त्यांनीच त्याच्या तिथीस बाध आणणारा कागद लोकांपुढे ठेवावा, हे आम्हांस विशेष वाटते. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही हीच तिथी आहे, राजस्थानात सापडलेल्या जन्मकुंडलीनेही तिला बळकटी आली.

तथापि रूढी सहजासहजी सुटत नाही. १९६६ साली महाराष्ट्र शासनाने दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, न. र. फाटक आदी विद्वानांची समिती नेमली. तिचे एकमत झाले नाही व जुनीच तिथी चालू राहिली. अखेर २००१ साली शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

येथे एक गंमत आहे. ही तारीख जुन्या ज्यूलियन गणनेची. त्या शतकात दोन गणनांत दहा दिवसांचे अंतर असल्याने आजच्या ग्रेगरियन गणनेने तोच शुक्रवार १ मार्च १६३० ठरतो. इंग्रजांनी नवी गणना १७५२ मध्ये घेतली. म्हणून महाराजांची जानेवारी १६६४ ची सुरतेवरील स्वारीही येथील इंग्रज वखारीच्या कागदांत जुन्याच गणनेने नोंदलेली आहे.

ज्यांस तिथीच पाळावयाची आहे त्यांनी होळी पौर्णिमेनंतरची तिसरी तिथी धरावी. महाराष्ट्राप्रमाणे गुजरातेतही महिना अमावास्येसच संपतो. त्यामुळे शेजाऱ्यांच्या गुजराती पंचांगातील ‘फागण वद त्रीज’ तीच आपली तृतीया होय.